फ्रेम अनेक, हंगाम एक

द्राक्ष पॅकहाऊसचं जुनं वेब सॉफ्टवेअर नाशिकच्या ज्या प्रोग्रामरच्या गळ्यात पडलंय, त्याला ही मांडणी ओळखीची असेल: वर पट्टी, डावीकडे मेन्यू, मध्ये पॅलेटची यादी आणि प्रत्येक भाग म्हणजे स्वतंत्र फ्रेम, पानातल्या चौकटीत उघडलेलं वेगळं पान. पट्टीत हंगाम बदलला की मेन्यूही बदलायला हवा आणि यादीही. मग निवडलेला हंगाम सांभाळायचा कोणी? हा प्रश्न फ्रेमइतकाच जुना आहे.

१९९६ मध्ये नेटस्केप नेव्हिगेटर २.० या ब्राउझरबरोबर फ्रेम आणि ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा एकदमच आल्या. आतल्या फ्रेममध्ये नवं पान उघडलं की तिथले व्हेरिएबल पुसले जात; सगळ्या फ्रेम पोटात घेणारं बाहेरचं फ्रेमसेटचं पान मात्र जागचं हलत नसे. म्हणून लोकांनी सामायिक गोष्टी सरळ टॉप विंडोत, म्हणजे या बाहेरच्या पानात ठेवल्या. आज ज्याला स्टोअर (सामायिक माहितीची एकच जागा) म्हणतात ते तेव्हाही होतंच, फक्त त्यात कुणीही कधीही हात घालायचं आणि बदल झाल्याचं बाकीच्या फ्रेमना आपोआप कळायचं नाही. रिफ्रेश केलं की सगळं गायब, ते वेगळंच.

खरा गोंधळ व्हायचा तो टॉप विंडोत साधा आकडा न ठेवता ऑब्जेक्ट (माहिती आणि तिची फंक्शनं यांचा गठ्ठा) ठेवल्यावर. यादीसाठी जावास्क्रिप्टमध्ये ॲरे हा प्रकार असतो, पण प्रत्येक फ्रेमचा ॲरे वेगळा. शेजारच्या फ्रेमने बनवलेली यादी इन्स्टन्सऑफ या प्रकार ओळखणाऱ्या चाचणीने तपासली, तर ती ॲरे नाहीच असं उत्तर यायचं. २००९ च्या इसीएमएस्क्रिप्ट ५ (जावास्क्रिप्टचं प्रमाण रूप) मधल्या ॲरे.इजॲरे या तपासणीने हे दुखणं मिटलं. इंटरनेट एक्स्प्लोररची तऱ्हा याहून वाईट: ऑब्जेक्ट बनवणारी फ्रेम दुसऱ्या पानावर गेली आणि नंतर त्या ऑब्जेक्टचं फंक्शन चालवलं, की ‘मोकळ्या केलेल्या स्क्रिप्टमधला कोड चालवता येत नाही’ अशा अर्थाची एरर. जाणते प्रोग्रामर म्हणून ऑब्जेक्ट बनवण्याचं फंक्शनही टॉप विंडोतच ठेवत.

पुढे एका फ्रेमने दुसरीला निरोप पाठवण्यासाठी पोस्टमेसेज आलं, मग ब्राउझरमध्ये माहिती साठवण्यासाठी लोकलस्टोरेज. २०१४ मध्ये फेसबुकने ॲपमधली माहिती एकाच दिशेने वाहू देणारी फ्लक्सची मांडणी लोकांपुढे ठेवली, २०१५ मध्ये त्याच धर्तीवरची रिडक्स ही लायब्ररी आली. स्थिती (निवडलेल्या हंगामासारखी ॲपची त्या क्षणीची माहिती) एका जागी ठेवण्याची कल्पना रिडक्सची, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. एका जागी ती आधीही होती. रिडक्सने तिच्यात बदल करण्याची वाट एकच ठेवली आणि बदलाची वर्दी ऐकणाऱ्या सगळ्यांना मिळेल अशी सोय केली. जुन्या टॉप विंडोत नेमकं तेवढंच नव्हतं. त्यामुळे फ्रेम मोडून नवं ॲप लिहायला सवड नसेल, तर टॉप विंडोलाच मालक करावं: बाकीच्या फ्रेमनी फक्त निरोप पाठवायचा, बदल तिने करायचा आणि सगळ्यांना कळवायचं.

फ्रेम एकाच ओरिजिनच्या (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तेच) असतील तर निरोपांसाठी ब्रॉडकास्टचॅनल, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना निरोप देणारी ब्राउझरची सोय, हेही चालतं. सफारीत ते २०२२ मध्ये आलं. पण वाहतूकदाराच्या साइटची ट्रॅकिंग फ्रेम आत बसवली असेल तर गणित बदलतं. २०२३ पासून क्रोम अशा परक्या फ्रेमचा साठा बाहेरच्या साइटनुसार वेगळा ठेवतं, ब्रॉडकास्टचॅनलही त्याच हद्दीत अडकतं. तीच ट्रॅकिंग साइट दुसऱ्या टॅबमध्ये उघडी असली, तरी या फ्रेमला तिथला साठा दिसत नाही. तिला हंगाम कळवायचा तर पोस्टमेसेजच वापरावं लागतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी ओरिजिन तपासून.