उपसर्ग पाठ करून येत नाहीत

दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आला की कितीतरी मुलं ‘अभिसारी’ आणि ‘अपसारी’ यांची अदलाबदल करतात. व्याख्या तोंडपाठ असते, तरी ऐन पेपरात गोंधळ होतो. खरं तर उत्तर शब्दातच आहे. ‘अभि’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे, ‘अप’ म्हणजे तिच्यापासून दूर. किरणांना एका बिंदूकडे आणतं ते अभिसारी भिंग, त्यांना फाकवतं ते अपसारी. हीच जोडी वर्तुळाकार गतीत पुन्हा भेटते. गोफणीतल्या दगडाला केंद्राकडे खेचणारं बल अभिकेंद्री, बाहेर ढकलल्यासारखं भासणारं अपकेंद्री. दोन उपसर्ग उमगले की चार संज्ञा सुटतात.

पण व्याकरणाच्या तासाला उपसर्ग येतात ते यादी होऊन. प्र, परा, अप, सम्, अनु असे संस्कृत परंपरेतले २२, पुढे प्रत्येकाचं एखादं उदाहरण, आणि परीक्षेपुरतं पाठांतर. त्या यादीचा आणि शेजारच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा काही संबंध आहे, हे मुलांना कुणी सांगतच नाही. मला हे फार मोठं नुकसान वाटतं, कारण शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावणं मुलांना मुळातच जमतं.

१९५८ मध्ये अमेरिकेत जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याला ‘वग’ म्हणतात असं सांगितलं. मग तसे दोन प्राणी दाखवून विचारलं, हे काय आहेत? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असं बिनचूक अनेकवचन केलं. तो शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नव्हता. नियम त्यांच्या डोक्यात आधीच तयार होता.

मोठी माणसंही वाचताना हेच करतात. मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर आलेली अक्षरं हा खरा इंग्रजी शब्द आहे की नाही, एवढंच सांगायचं होतं. ‘रिजुव्हिनेट’ (rejuvenate, पुन्हा तरुण करणं) मधून ‘re’ हा खरा उपसर्ग काढून उरलेलं ‘जुव्हिनेट’ नाकारायला लोकांना जास्त वेळ लागला. ‘रेपर्ट्वार’ (repertoire) मधलं ‘re’ हा उपसर्ग नाही, ते काढून उरलेला तुकडा मात्र त्यांनी चटकन नाकारला. म्हणजे मेंदूत उपसर्ग आणि मूळ शब्द यांची नोंद काही अंशी वेगवेगळी असते.

मग मराठीत सुरुवात कुठून करावी? शिक्षकांचं आवडतं उदाहरण म्हणजे ‘हार’: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. ऐकायला सुरेख, पण तिसरी-चौथीच्या मुलासाठी मला ते गैरसोयीचं वाटतं. त्याच्या लेखी हार म्हणजे फुलांचा, नाहीतर सामन्यातली. ‘हृ’ (नेणं, हरण करणं) हा धातू त्याला ठाऊक नसतो, त्यामुळे उपसर्गाने काय बदललं हे त्याला दिसतच नाही. ‘हार’ संस्कृत सुरू झाल्यावर घ्यावा.

आधी मूळ शब्द ओळखीचा हवा. नदी आणि उपनदी, ग्रह आणि उपग्रह. फारसीतून आलेले उपसर्ग तर याहून सोपे, कारण ते घरात रोज कानावर पडतात: बेशिस्त, बेफिकीर, नालायक, गैरहजर, गैरसमज. ‘बे’चा अर्थ सांगू नका, मुलांनाच शोधू द्या. मग विचारा, ‘बेचप्पल’ मुलगा कसा असेल? ‘उपदप्तर’ केवढं असेल? असले शब्द कोशात नाहीत, म्हणूनच उपयोगाचे. उत्तर आलं तर अर्थ कळला, नुसता पाठ झाला नाही.

एकदा हा नाद लागला की मुलांना जिथे तिथे उपसर्ग दिसू लागतात. बेडूक म्हणजे ‘बे’ अधिक ‘डूक’ का? सुतारात ‘सु’ आहे का? अशा वेळी हसून गप्प बसवू नये. तुकडा काढून उरलेल्याला या शब्दात अर्थ लागतो का, हे त्यांनाच तपासायला लावावं. डूक नावाचं काही नाही. सुतारातून ‘तार’ उरते, पण लाकूडकामाशी तिचा संबंध लागत नाही. दोन्हीकडे उपसर्ग नाही.

हीच तपासणी पुढच्या इयत्तांत फार कामी येते. ‘अनुकरण’मध्ये ‘अनु’ आहे, म्हणजे मागोमाग. ‘अनुपस्थित’मध्येही तोच दिसतो, पण तो काढला तर ‘पस्थित’ उरतं. ‘अन्’ काढा, ‘उपस्थित’ हाती येतं. ‘अनुत्तीर्ण’चंही तसंच. संधी झाली की उपसर्ग असा लपतो: ‘प्रत्येक’मध्ये प्रति, ‘अत्यंत’मध्ये अति, ‘स्वागत’मध्ये सु आणि आ असे दोन.

सगळे उपसर्ग शिकवायची गरजही नाही. इंग्रजी शालेय मजकुराच्या १९८९ मधल्या एका अभ्यासात उपसर्ग असलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के शब्द अवघ्या चार उपसर्गांचे निघाले. मराठीतही थोडे निवडावेत आणि ते भूगोल-विज्ञानाच्या तासालाच, शब्द समोर आला की उलगडावेत. कधी उपसर्ग पुरत नाही, तेही तिथेच सांगावं. परिवलन आणि परिभ्रमण, दोन्हींत ‘परि’ आहे, म्हणून तिथे उरलेल्या भागाकडे बघायचं: वलन म्हणजे वळणं, भ्रमण म्हणजे हिंडणं. पृथ्वी स्वतःभोवती वळते आणि सूर्याभोवती हिंडते.