ग्रीन वाचण्याची कला: गवत, वेग आणि नियमांची पार्श्वभूमी

पट, म्हणजे होलकडे चेंडू लोळवत नेणारा फटका, मारण्यापूर्वी ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या भागाचा, उतार वाचणे हे आज गोल्फमधील स्वतंत्र कौशल्य मानले जाते. त्याला हे महत्त्व कसे आले याचे उत्तर खेळाडूंच्या नजरेत शोधण्यापेक्षा गवत किती बारीक कापले जाऊ लागले यात शोधलेले बरे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील जुन्या मैदानांवर गवत मेंढ्या आणि ससेच कुरतडत असत. एडविन बडिंग यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट १८३० मध्ये घेतले खरे, परंतु अशी यंत्रे गोल्फच्या मैदानांवर रुळायला पुढची काही दशके जावी लागली. त्या काळच्या संथ आणि खडबडीत ग्रीनवर चेंडू जोराने मारावा लागे, आणि जोराने निघालेला चेंडू किरकोळ उताराला फारशी दाद देत नसे.

उतार तोच राहिला आणि ग्रीनचा वेग दुप्पट झाला, तर तितक्याच अंतराच्या पटचे वळण, म्हणजे ब्रेक, जवळपास दुप्पट होते. कारण घर्षण कमी झाल्याने चेंडू हळू मारावा लागतो आणि उताराला त्याला खाली ओढायला अधिक अवधी मिळतो. वाचनाची गरज वाढली ती यामुळे.

या वेगाची धास्ती पहिल्यांदा ठळकपणे नोंदली गेली ती १९३५ च्या यूएस ओपनमध्ये, पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट येथे. तिथे चार फेऱ्यांत तीनशेच्या आत राहणारा एकमेव खेळाडू म्हणजे २९९ फटक्यांत विजेता ठरलेला सॅम पार्क्स. जीन सॅराझन यांचा एक पट ग्रीनवरून घसरत थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेल्याचे प्रेक्षकांतील एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिले. ते स्वतः मॅसॅच्युसेट्सचे हौशी विजेते होते. ग्रीन अवाजवी वेगवान आहेत हे नुसते म्हणून भागणार नाही, ते मोजून दाखवले पाहिजे, या विचाराने त्यांनी लाकडी पट्टीचे एक साधे उपकरण बनवले. पुढे १९७६ मध्ये यूएसजीए या अमेरिकेतील गोल्फच्या नियामक संस्थेचे फ्रँक थॉमस यांनी त्याला ॲल्युमिनियमचे रूप दिले आणि १९७८ पासून ते मैदानांची देखभाल करणाऱ्यांच्या हाती आले. हा स्टिम्पमीटर म्हणजे तीन फुटी खोबणीदार पट्टी: खाचेत चेंडू ठेवून ती उचलत न्यायची, सुमारे २० अंशांच्या कोनाला चेंडू आपोआप सुटतो, आणि सपाट जागेवर तो किती फूट गेला हे दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढायची. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील ग्रीनची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज मोठ्या स्पर्धांत बारा फूट ही नेहमीची गोष्ट आहे. अतिवेगाला आळा घालावा म्हणून जन्मलेल्या मापाने क्लबांमध्ये वेगाचीच चढाओढ लावून दिली, हे स्टिम्पसन यांना रुचले असते असे वाटत नाही.

गवताची जातही वाचनात मोडते. उष्ण प्रदेशांतील बर्म्युडा गवत, म्हणजे आपल्याकडील हरळीचेच भाईबंद, जमिनीलगत एका दिशेने पसरते आणि चेंडूला त्या दिशेने ओढते. पाते चकाकताना दिसले तर ते आपल्यापासून दूर वळलेले असते आणि पट वेगाने जातो. गडद दिसले तर तो अडखळत जातो. मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल क्लबने १९८० मध्ये बर्म्युडाऐवजी थंड हवामानाचे बेंटग्रास लावले, तेव्हा तिथला वेग वाढला आणि तेच जुने उतार खेळाडूंना नव्याने शिकावे लागले.

दरम्यान नजरेवरचा भरवसा कमी होत गेला. पटर, म्हणजे पट मारण्याची काठी, लोंबता धरून उतार अजमावण्याची जुनी युक्ती होतीच. नासातील नोकरी सोडून गोल्फ शिकवू लागलेले डेव्ह पेल्झ यांनी चाचण्या घेऊन सांगितले की बहुतेक खेळाडू ब्रेक खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी धरतात. मार्क स्वीनी यांनी आधी संगणकावर पटचा मार्ग काढला आणि मग त्यातूनच एमपॉइंट ही पद्धत मांडली. तिच्या आजच्या रूपात खेळाडू रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहतो, उतार किती टक्के आहे हे तळपायांनी जोखतो आणि तितकी बोटे डोळ्यांसमोर धरून नेम ठरवतो. ॲडम स्कॉट यांच्यासारख्या खेळाडूंमुळे ही बोटे टीव्हीवर परिचयाची झाली. त्यात वेळ जातो आणि होलच्या आसपासचे गवत तुडवले जाते, ही तक्रार मात्र रास्त आहे.

लेझरने मोजलेल्या उतारांचे बाण छापलेल्या पुस्तिका आल्या, तेव्हा नियमकर्त्यांना हात घालावा लागला. यूएसजीए आणि तिच्यासोबत गोल्फचे नियम ठरवणारी ब्रिटनमधील संस्था आर अँड ए यांनी २०१९ पासून नकाशाचे प्रमाण पाच यार्डांना ३/८ इंच इतक्यावर आणले, जेणेकरून बारीक तपशील दिसू नये. तेवढ्याने भागले नाही, म्हणून २०२२ पासून एक स्थानिक नियम उपलब्ध करून दिला गेला. तो लागू असेल तिथे अशा तपशीलवार पुस्तिका वापरता येत नाहीत आणि टिपणे खेळाडूच्या किंवा कॅडीच्या (त्याची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या) स्वतःच्या निरीक्षणावर आधारलेली असावी लागतात. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांची मालिका असलेल्या पीजीए टूरने तो लगेच स्वीकारला. तळपायांवर मात्र बंदी आलेली नाही, आणि हा नियम वरच्या पातळीच्या स्पर्धांपुरताच सुचवलेला असल्याने क्लबच्या सामान्य खेळाडूला प्रमाणात बसणारी पुस्तिका आजही खिशात ठेवता येते.