बाळाचे हृदय आणि न जुळणारा रक्तगट : एका अपवादाची पार्श्वभूमी

अवयवप्रत्यारोपणात रक्तगट जुळणे ही पहिली अट मानली जाते. न जुळणाऱ्या गटाचे हृदय बसवले, तर ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निकामी होऊ शकते, असे शल्यविशारदांच्या कित्येक पिढ्यांना शिकवले गेले आणि प्रौढ रुग्णांच्या बाबतीत ते खरेच होते. तान्ह्या मुलांसाठी मात्र ही अट १९९६ पासून विचारपूर्वक बाजूला ठेवली जाऊ लागली. त्यामागचे ज्ञान तेव्हा नवे नव्हते. त्याचे बहुतेक धागे अनेक दशके ग्रंथांत पडून होते.

व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, की एका माणसाच्या रक्तद्रवात (प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या, तर काही वेळा त्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पुढे उलगडत गेले ते असे : 'ए' आणि 'बी' या खुणा म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करेच्या साखळ्यांची वेगवेगळी टोके असून त्या केवळ रक्तपेशींवर नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावरही असतात. त्यामुळे हृदय दुसऱ्या शरीरात गेले तरी दात्याचा रक्तगट सोबत घेऊनच जाते. नव्या शरीरात त्या खुणेविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे परक्या खुणेला नेमके चिकटणारी प्रथिने) आधीच तयार असतील, तर ती अस्तराला चिकटतात, हल्ल्यात त्यांना साथ देणारी रक्तातील पूरक प्रथिने जागी होतात, अस्तर फाटते, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत किंवा तासांत हृदय काळवंडून थांबते.

परंतु ही प्रतिपिंडे घेऊन कोणी जन्माला येत नाही. आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंच्या अंगावर अशाच शर्करा असतात आणि त्यांच्याशी गाठ पडल्यावर शरीर ही प्रतिपिंडे बनवू लागते. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांत ती तयार होत नाहीत, हे गेऑर्ग स्प्रिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. नवजात बाळाच्या रक्तात फार तर आईकडून आलेली थोडी प्रतिपिंडे असतात. त्याची स्वतःची निर्मिती काही महिन्यांनी सुरू होते आणि प्रौढाइतकी पातळी गाठायला बरीच वर्षे लागतात. त्याआधीच, १९५३ मध्ये, पीटर मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले होते, की अपक्व अवस्थेत परक्या पेशींशी ओळख झाली, तर शरीर त्यांना पुढे परके मानत नाही. हे दोन निष्कर्ष हृदयशल्यचिकित्सेच्या दालनात एकत्र यायला चार दशके लागली.

दरम्यान शस्त्रक्रिया पुढे जात होती. क्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले आणि अवघ्या तीन दिवसांनी एड्रियन कँट्रोविट्झ यांनी ब्रुकलिनमध्ये तीन आठवड्यांहून लहान बाळावर तोच प्रयत्न केला. ते बाळ काही तासच जगले. शरीराने अवयव नाकारू नये यासाठीचे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात हाती येईपर्यंत मुलांमधील काम जवळपास ठप्पच राहिले. ऑक्टोबर १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे लिओनार्ड बेली यांनी 'बेबी फे' या नावाने ओळखल्या गेलेल्या नवजात मुलीला बबून माकडाचे हृदय बसवले. ती सुमारे तीन आठवडे जगली. जगभर वाद झाला तो माकडाच्या हृदयावरून. पण त्या मुलीचा रक्तगट 'ओ' होता आणि दाता प्राण्याचा तसा नव्हता. ही विसंगती दुय्यम मानणे ही घोडचूक होती, असे बेली यांनी नंतर मान्य केले. या घटनेने रक्तगटाचा नियम आणखी घट्ट केला असावा, असे मला वाटते. वास्तविक तेथे प्राण्याची जातच वेगळी होती आणि त्यावरून मानवी दात्याच्या हृदयाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. पुढच्याच वर्षी बेली यांनी नवजात बाळाला मानवी हृदय बसवण्यात यश मिळवले.

त्यानंतर खरी अडचण उरली ती हृदयांच्या तुटवड्याची. तान्ह्या बाळाला तेवढ्याच लहान दात्याचे हृदय लागते, असे दाते फार थोडे असतात आणि काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत बसवावे लागते. त्यातही 'ओ' गटाच्या बाळाची कोंडी सर्वांत मोठी, कारण 'ए' किंवा 'बी' यांपैकी कोणतीच खूण नसलेले 'ओ' गटाचे हृदय कोणालाही चालते, पण त्या बाळाला मात्र दुसरे कोणतेच चालत नाही. न जुळणारे हृदय वापरावाचून जात असे आणि त्याच वेळी दुसरीकडे एखादे बाळ वाट पाहत दगावत असे. ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती.

टोरंटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन'मध्ये लोरी वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा नियम ओलांडला. बाळ हार्ट-लंग मशीनवर (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) असताना त्याचा रक्तद्रव बदलायचा, असलेली प्रतिपिंडे काढून टाकायची आणि मगच नव्या हृदयात रक्त सोडायचे, अशी ही रीत होती. २००१ मध्ये त्यांनी चार तासांपासून चौदा महिन्यांपर्यंतच्या दहा बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. आठ बाळे जगली होती, आणि दोन मृत्यूंमागे रक्तगटाचे कारण असल्याचे दिसले नव्हते. या धोरणामुळे त्यांच्या प्रतीक्षायादीवरील तान्ह्या मुलांचा मृत्युदर ५८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला. २००४ मध्ये याच गटाने दाखवले, की ही मुले मोठी झाली तरी दात्याच्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडे फारशी बनवत नाहीत. उदाहरणार्थ, 'ए' गटाचे हृदय मिळालेले 'ओ' गटाचे मूल 'बी'विरुद्ध प्रतिपिंडे बनवते, 'ए'विरुद्ध जवळजवळ नाही. मेडावर यांनी उंदरांत पाहिलेली सहनशीलता येथे माणसाच्या मुलांत दिसत होती.

हा अपवाद वयाशी बांधलेला आहे, याची जाणीव २००३ मध्ये अमेरिकेतील एका दुर्घटनेने करून दिली. तेथे सतरा वर्षांच्या मुलीला नजरचुकीने वेगळ्या रक्तगटाचे हृदय व फुप्फुसे बसवली गेली आणि दुसऱ्या प्रत्यारोपणानंतरही ती वाचली नाही.

पुढे ब्रिटनसह अनेक देशांनी टोरंटोची पद्धत स्वीकारली. अमेरिकेत असे हृदय घ्यायला तयार असलेल्या बाळांचा क्रम सुरुवातीला जुळणाऱ्या गटाच्या मुलांनंतर लागत असे. २०१६ च्या नियमबदलाने ती अडचण बरीच दूर केली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात संपूर्ण रक्तद्रव बदलण्याऐवजी केवळ नको असलेली प्रतिपिंडे शोषून घेणारी नळी हार्ट-लंग मशीनला जोडली जाऊ लागली. त्यामुळे दात्यांच्या रक्तघटकांची गरज कमी झाली आणि थोड्या मोठ्या मुलांचाही विचार करता येऊ लागला. आता निर्णय घेताना वयाइतकेच प्रतिपिंडांच्या मोजलेल्या पातळीला महत्त्व आले आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र एक दक्षता कायमची पाळावी लागते : 'एबी' गटाचे हृदय असलेल्या 'ओ' गटाच्या मुलाला पुढे कधीही रक्त लागले, तर तांबड्या पेशी 'ओ' गटाच्या आणि रक्तद्रव मात्र 'ए' व 'बी'विरुद्धची प्रतिपिंडे नसलेला, म्हणजे 'एबी' गटाचा द्यावा लागतो, म्हणून त्याच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला ही नोंद उपलब्ध असणे आवश्यक असते.