प्राध्यापक ‘फंडिंग देतो’ म्हणाले, पण पत्र आलं का? अमेरिकेतली रिसर्च असिस्टंटशिप पक्की करण्याची प्रक्रिया

अमेरिकेतल्या प्राध्यापकांशी व्हिडिओ कॉल झाला, बोलणं रंगलं आणि शेवटी ते म्हणाले, ‘तू आलास तर फंडिंगची काळजी करू नकोस.’ असा कॉल संपला की घरच्यांना कधी एकदा सांगतो असं होतं. सांगा जरूर, पण प्रवेश स्वीकारल्याचं बटण एवढ्यात दाबू नका. मलाही असाच शब्द मिळाला होता. पंधरा दिवसांनी विभागाचं पत्र आलं, त्यात जेमतेम एका सेमिस्टरची टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत करून मिळणारा पगार) होती. प्राध्यापक खोटं बोलले नव्हते. त्यांची ग्रँट, म्हणजे संशोधन अनुदान, मंजूर व्हायची होती. ते सांगायला विसरले आणि मी विचारायला.

पैसा कुणाचा, सही कुणाची

रिसर्च असिस्टंटशिप म्हणजे प्राध्यापकांच्या संशोधनात काम करून मिळणारा पगार. सगळे तिला आरए म्हणतात. ती बहुतेक वेळा संशोधन अनुदानातून दिली जाते. नॅशनल सायन्स फाउंडेशन म्हणजे एनएसएफ, नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ म्हणजे एनआयएच, ऊर्जा आणि संरक्षण खातं, काही वेळा खासगी कंपन्या हे अनुदान देतात. ते सहसा विद्यापीठाच्या नावावर येतं आणि प्राध्यापक त्या प्रकल्पाचे मुख्य संशोधक असतात. कुणाला घ्यायचं हे ते ठरवू शकतात, पण नेमणुकीचं पत्र विभागाकडून किंवा ग्रॅज्युएट स्कूलकडून निघतं. त्यामुळे प्राध्यापकांचा ईमेल हा चांगला संकेत असला तरी ते पत्र नव्हे.

अनुदान खरंच आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. एनएसएफचा ‘अवॉर्ड सर्च’ आणि एनआयएचचा ‘रिपोर्टर’ या दोन्ही याद्या सर्वांसाठी खुल्या आहेत. प्राध्यापकांचं नाव टाकलं की प्रकल्पाचं शीर्षक, रक्कम, सुरुवातीची आणि संपण्याची तारीख दिसते. एनएसएफची बरीचशी अनुदानं ३ वर्षांची असतात, ‘करिअर’ पुरस्कार ५ वर्षांचा आणि एनआयएचचं ‘आर०१’ जास्तीत जास्त ५ वर्षांचं. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचणार आणि यादीतलं एकमेव अनुदान पुढच्या ऑगस्टला संपतंय, तर दुसऱ्या वर्षाचं काय, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. मात्र नाव सापडलं नाही म्हणून लगेच नाउमेद होऊ नका. नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरांना विद्यापीठ ‘स्टार्टअप फंड’ देतं. तो या याद्यांत दिसत नाही, कंपन्यांचा पैसाही दिसत नाही.

ही चौकशी अलीकडे जास्तच गरजेची झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने अनुदानांवरच्या अप्रत्यक्ष खर्चाला (इमारत, वीज, कार्यालय असा विद्यापीठाचा वरखर्च) १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या वसंतात अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काहींनी तर दिलेले प्रस्तावही मागे घेतले.

कोणाला मिळते

आरए मिळण्याची सर्वाधिक शक्यता विज्ञान-अभियांत्रिकीतल्या पीएचडी विद्यार्थ्यांना असते. जीवशास्त्राच्या अनेक कार्यक्रमांत पहिलं वर्ष प्रयोगशाळा बदलत ‘रोटेशन’मध्ये जातं, तोवर पैसे विभाग देतो आणि मार्गदर्शक नंतर ठरतो. तिथे आधीच एका प्राध्यापकाकडून शब्द मागण्यात फारसा अर्थ नाही. मानव्यविद्यांत आरए क्वचित असते, टीचिंग असिस्टंटशिप आणि फेलोशिपवर (कामाची अट नसलेल्या शिष्यवृत्तीवर) भर असतो.

मास्टर्सवाल्यांनी मनाची तयारी ठेवावी. दोन वर्षांत निघून जाणाऱ्या विद्यार्थ्यावर अनुदान खर्च करायला प्राध्यापक सहसा तयार नसतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये काम दाखवून पुढच्या सेमिस्टरपासून आरए मिळवणारे असतात, पण तो अंदाज झाला. त्या अंदाजावर कर्जाचं गणित बसवू नका.

नेमणूक टिकवायची तर पूर्णवेळ नोंदणी, साधारणपणे ३.० च्या वर जीपीए (गुणांची सरासरी) आणि ‘समाधानकारक प्रगती’ लागते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ‘५० टक्के नेमणूक’ म्हणजे हेच २० तास, २५ टक्के म्हणजे १०.

अर्ज आणि विचारणा

बहुतेक ठिकाणी आरएसाठी वेगळा अर्ज नसतो, प्रवेशअर्जातच ‘असिस्टंटशिपसाठी विचार व्हावा’ अशी खूण करायची असते. कागदपत्रंही तीच: ट्रान्स्क्रिप्ट, स्टेटमेंट ऑफ पर्पज, सीव्ही, बहुधा तीन शिफारसपत्रं, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि विभाग मागत असेल तर जीआरई. प्राध्यापकांच्या नजरेत भरायचं असेल तर केलेल्या कामाचा पुरावा जोडा. शोधनिबंध, प्रबंधाचं एखादं प्रकरण, कोडची लिंक, काहीही चालेल.

पहिल्याच ईमेलमध्ये पैशाचा विषय काढू नका. तो कामाबद्दल असू द्या. मुलाखत झाली किंवा प्रवेश मिळाला की मात्र संकोच सोडा. तिकडे हा प्रश्न रोजचा आहे, कुणी मनाला लावून घेत नाही. चार गोष्टी विचारा: माझी आरए कोणत्या प्रकल्पातून असेल आणि तो कधी संपतो? पैसे मंजूर आहेत की अर्ज प्रलंबित आहे? ग्रँट संपली तर विभाग टीचिंग असिस्टंटशिप देतो का? आणि हे सगळं विभागाच्या पत्रात कधीपर्यंत येईल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही गोड असोत, थांबा.

त्याच प्रयोगशाळेतल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यालाही लिहा. उन्हाळ्यात पगार चालू राहतो का, मधेच कुणाचं फंडिंग तुटलं का, हे तोच मोकळेपणाने सांगेल.

पत्र वाचताना

पत्र हाती आलं की आधी रक्कम बघायचा मोह होतो. पण त्याआधी महिने बघा. समजा दरमहा २,५०० डॉलर लिहिलेत. नेमणूक ९ महिन्यांची असेल तर वर्षाला २२,५०० आणि १२ महिन्यांची असेल तर ३०,०००. आकडा एकच, पण फरक साडेसात हजारांचा आणि तोही नेमका उन्हाळ्यात, जेव्हा घरभाडं थांबत नाही.

दुसरी मेख ट्यूशनची. ‘ट्यूशन वेव्हर’, म्हणजे शिकवणी शुल्काची माफी, पूर्ण आहे की अर्धी? सरकारी विद्यापीठांत काही वेळा राज्याबाहेरच्यांना लागणारी जादा रक्कम तेवढी माफ होते आणि मूळ ट्यूशन भरावी लागते. शिवाय ट्यूशन माफ म्हणजे फी माफ नव्हे. विद्यार्थी सेवा, तंत्रज्ञान, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अशा नावांनी दर सेमिस्टरला फी लागतात आणि त्या बहुतेकदा स्टायपेंडमधून, म्हणजे दरमहा मिळणाऱ्या पैशातून, जातात. आरोग्य विमा कोण भरणार, हेही बघा.

मुदतीचा मजकूर दोनदा वाचा. ‘पाच वर्षांची हमी’ आणि ‘निधी उपलब्ध असल्यास नूतनीकरण’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेले तर काय, हे पत्रात क्वचितच असतं. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

१५ एप्रिल

कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं असिस्टंटशिप किंवा फेलोशिपसह दिलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. सही करणाऱ्यांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे. मार्चमध्ये कुणी ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणालं तर या ठरावाचा नम्र उल्लेख करायला हरकत नाही. नुसत्या प्रवेशाला, म्हणजे फंडिंग नसलेल्या प्रस्तावाला, हा ठराव लागू नाही. दुसरीकडून उत्तर यायचं असेल तर मुदतवाढ मागा. आणि एखादा प्रस्ताव नक्की नाकारणार असाल तर लवकर कळवा, प्रतीक्षा यादीवर कुणीतरी त्याचीच वाट बघत असतं.

आय-२० आणि व्हिसा

प्रवेश स्वीकारल्यावर विद्यापीठ आय-२० देतं, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र. त्यासाठी पासपोर्टची प्रत आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा लागतो. असिस्टंटशिपची रक्कम विद्यापीठाकडून मिळणारी मदत म्हणून आय-२० वर छापून येते. ती पूर्ण खर्चाइतकी असेल तर बँकेचे कागद सहसा मागत नाहीत, कमी असेल तर तेवढ्या फरकाचे दाखवायचे. आरए मिळूनही आय-२० वर ती दिसत नसेल तर व्हिसाच्या मुलाखतीआधी दुरुस्त करून घ्या. पत्र आणि आय-२० वरचे आकडे जुळले नाहीत तर खिडकीपाशी उगाच प्रश्न वाढतात. पुढे ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद ठेवणारी यंत्रणा) शुल्क भरायचं, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मुलाखतीला दोन्हींच्या पावत्यांसोबत नेमणुकीचं पत्र न्यायचं.

पोचल्यावर

काम सुरू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आय-९ चे (काम करण्याची परवानगी तपासणाऱ्या फॉर्मचे) कागद दाखवावे लागतात. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं आणि विभागाचं अशी दोन पत्रं लागतात. त्यासाठी पोचल्यावर साधारण १० दिवस थांबून जाणं बरं, नाहीतर नोंद सापडत नाही म्हणून परत पाठवतात. पगाराच्या पहिल्या पावतीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्य विम्याचे कर) यांची कपात दिसली तर पेरोलला, म्हणजे पगार काढणाऱ्या कार्यालयाला, सांगा. एफ-१ वरच्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा ती लागू नसते. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे आयकरात स्टँडर्ड डिडक्शनही (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही.

ऑगस्टच्या मध्याला रुजू झालात तर पहिला पगार अनेकदा सप्टेंबरअखेर येतो. घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मात्र पोचल्या दिवशीच द्यावं लागतं. दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच विमानात बसा.