स्थानिक अन्न : फायदे व मर्यादा

स्थानिक अन्न म्हणजे खाणाऱ्याच्या आसपासच्या परिसरात पिकलेले धान्य, भाजीपाला, फळे, दूध आणि मासळी. 'आसपास' म्हणजे किती, याचे सर्वमान्य माप नाही. अमेरिकेच्या २००८ च्या शेती कायद्याने ४०० मैलांच्या आतला किंवा त्याच राज्यातला माल स्थानिक धरला. हे माप लावले तर अहमदाबादची भाजी मुंबईला स्थानिक ठरते. गोव्यात मात्र घाटापलीकडच्या बेळगावहून येणारी भाजीही 'बाहेरची', आणि गिऱ्हाईक 'गावठी' वेगळी मागून घेते.

खरा फायदा तोडणीत आहे; जवळ विकायचे तर माल वेळेवर तोडून ताजाच पोचवता येतो. कोकणात हापूस चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाला की देठासह उतरवतात आणि भाताच्या पेंढ्यात अढी लावतात. आठ-दहा दिवसांत तो पिकतो. सुरुवातीचा चढा भाव गाठण्यासाठी दहा-बारा आण्यांवरच उतरवलेले फळ साल पिवळी करते, पण सुरकुतते आणि आंबट राहते. फळ पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, तर इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. मात्र कोवळ्या फळात गोडी आणणे दोन्हींना जमत नाही. पालक-मेथीसारख्या पालेभाज्या तोडल्यावरही श्वसन करतात, जुडी आतून तापते आणि क जीवनसत्त्व झपाट्याने घटते. सकाळची जुडी दुपारी शिजली तर फरक जाणवतो. ज्वारीला हे लागू नाही. मंगळवेढ्याची ज्वारी नाशकात दळली तरी भाकरी तशीच होते; ती तुटते ती पीठ जुने होऊन विरी (चिकटपणा) गेल्यामुळे.

दुसरा फायदा वाणांचा. जळगावची भरताची वांगी किंवा आजऱ्याचा घनसाळ तांदूळ टिकून आहेत, कारण जवळचे गिऱ्हाईक त्यांची चव ओळखून पैसे मोजते. दूरच्या बाजाराला जाड सालीचा, एकसारख्या आकाराचा माल सोयीचा पडतो.

इंधनाची बचत मात्र गृहीत धरू नये. १० टन माल भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर धावला, तर ३०० किलोमीटरला ७५ लिटर, म्हणजे किलोमागे साडेसात मिलिलिटर डिझेल लागते. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या दुचाकीवरून २० किलो भाजी ३० किलोमीटर नेली, तर किलोमागे ३० मिलिलिटर पेट्रोल जाते. परतीची रिकामी फेरी दोन्हीकडे वेगळीच.

फक्त आसपासचेच खाल्ले तर तिथल्या मातीतली उणीव अंगात उतरते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात माती-पाण्यात आयोडीन कमी, म्हणून गलगंड सर्रास होता. १९५६ पासून तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिल्यावर तो घटला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. उपाय बाहेरून आलेल्या मिठातच होता.

पूर्व विदर्भातली लाखोळी डाळ हे याहून बोचरे उदाहरण. धान कापण्याआधी, ते बांधीत (भाताच्या खाचरात) उभे असतानाच तिचे बी फेकतात आणि उरलेल्या ओलीवर ती येते, म्हणूनच दुष्काळात तीच हाती लागते. तिच्यात ओडॅप हे मज्जासंस्थेला घातक द्रव्य असते. अधूनमधून वरणात आली तर सहसा बाधत नाही. पण रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक तीच असेल आणि हे काही महिने चालले, तर पाय ताठरून कायमचे अधूपण येते. भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले की विष बरेच कमी होते. पाणी डाळीतच आटवले तर विष तिथेच राहते. केंद्राने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली होती.

विक्रीचे गणितही सरळ नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केल्यावर शेतकऱ्याला शहरात थेट विकणे सोपे झाले. पण दिवसभर बसावे त्यालाच लागते, आणि संध्याकाळी कोमेजलेला माल वाटे लावून मिळेल त्या भावाला काढावा लागतो.

जवळचे ते स्वच्छ, हाही गैरसमज आहे. मुंबईत रेल्वेरुळांलगत वर्षानुवर्षे पालक, लाल माठ, भेंडी पिकवली गेली. कुठे कुठे या भाजीला नाल्याचे पाणी दिले जाई. वाहत्या पाण्यात धुतल्याने पानावरचे जंतू कमी होतात, शिजवल्याने बहुतेक मरतात. मुळांवाटे आत गेलेले शिसे आणि कॅडमियम यांसारखे विषारी धातू मात्र धुऊन निघत नाहीत, शिजवूनही जात नाहीत.