धामण दिसते सगळीकडे, मग परवाना कशाला? सापांच्या अभ्यासासाठी अर्ज करण्याआधी हे वाचा

सापांवर प्रकल्प करायचा म्हणून वनविभागाकडे पाठवलेला अर्ज परत येतो, तेव्हा त्यावर बहुतेक वेळा एकच शेरा असतो: ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा’. कोणत्या त्रुटी, ते लिहायची तसदी कुणी घेत नाही. विद्यार्थी बिचारा फोटो बदलतो, प्राचार्यांची सही नव्याने घेतो आणि मूळ चूक तशीच ठेवून अर्ज पुन्हा पाठवतो. ती चूक बहुधा ‘प्रजातीची संरक्षण स्थिती’ या एका ओळीत असते.

धामणीचंच घ्या. निफाड, दिंडोरीकडे बांधावर, कांद्याच्या चाळीपाशी, द्राक्षबागेत ती सहज दिसते. बिनविषारी, उंदरांवर जगणारी. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती ‘लीस्ट कन्सर्न’ गटात आहे, म्हणजे जगातून नाहीशी होण्याचा धोका तिला तूर्त कमी. विद्यार्थी हे वाचतो आणि लिहून टाकतो, ‘सर्वसाधारण प्रजाती, धोका नाही, सबब विशेष परवानगीची आवश्यकता नाही’. तिथेच अर्ज बाद होतो. परवाना लाल यादी पाहून मिळत नाही, तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे मिळतो, आणि त्या कायद्यात धामण अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वाघ आणि बिबट्या ज्या अनुसूचीत, त्याच. नाग आणि घोणस यांचंही तसंच: लाल यादीत ‘लीस्ट कन्सर्न’, कायद्यात अनुसूची १.

दुसरा घोळ जुन्या पुस्तकांचा. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बहुतेक पुस्तकांत धामण, नाग, घोणस, दिवड हे अनुसूची २ च्या भाग २ मध्ये आणि मण्यारसारखे साप अनुसूची ४ मध्ये दिलेले असतात. ते तेव्हा बरोबरच होतं. पण २०२२ च्या सुधारणेने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता प्राण्यांसाठी पहिल्या दोनच अनुसूची आहेत, तिसरी वनस्पतींची, आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात, म्हणजे साइट्समध्ये, नोंदलेल्या प्रजातींची. त्यामुळे आज ‘मण्यार, अनुसूची ४’ लिहिलंत, तर त्याचा अर्थच वेगळा होतो. मण्यार आता अनुसूची २ मध्ये आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांनीही हे एकदा तपासावं, कारण मुलं त्यांच्या जुन्या नोट्सवरूनच उतरवतात.

तर धामणीसाठी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा: आययूसीएन लाल यादी, लीस्ट कन्सर्न. साइट्स, परिशिष्ट २. वन्यजीव अधिनियम, २०२२ च्या सुधारणेनंतर, अनुसूची १. शास्त्रीय नाव आणि मराठी नाव दोन्ही द्या, नुसतं ‘स्थानिक साप’ असं लिहू नका.

या तिसऱ्या ओळीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. शिक्षण किंवा संशोधनासाठी वन्यप्राणी पकडायचा परवाना कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात, त्यांचं कार्यालय नागपूरला. पण अनुसूची १ मधला प्राणी असेल तर त्याआधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. इतर प्राण्यांना राज्य सरकारची. म्हणजे धामणीचा कागद नाशिक, नागपूर, दिल्ली असा फिरून येणार. एका सत्राच्या प्रकल्पाला हे झेपत नाही, आणि जानेवारीत अर्ज टाकून मार्चमध्ये ‘अजून काहीच कसं आलं नाही’ म्हणून रडवेल्या झालेल्या मुली पाहिल्या की वाईट वाटतं. पीएचडी असेल तर अर्ज करा. पदवीचा छोटा प्रकल्प असेल तर आधी स्वतःला विचारा, साप हातात घ्यायची खरंच गरज आहे का?

कारण परवाना लागतो तो हात लावण्यासाठी. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी हलवणंही येतं. लांबून पाहणं, फोटो काढणं, शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणं यात ते येत नाही. धामण गाई-म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, या समजापायी किती धामणी मारल्या जातात, यावर गावोगाव बोलून चांगला प्रकल्प होतो, आणि त्याला कलम १२ लागत नाही.

‘शेत आमच्याच काकांचं आहे’ हे कारण मात्र चालत नाही. कायदा प्राण्याला संरक्षण देतो, मग जमीन कुणाचीही असो. शेतमालकाचं संमतीपत्र जोडा, पण तो परवान्याला पर्याय नाही. सर्पमित्राचं ओळखपत्रही नाही. घरात शिरलेला साप सुरक्षित सोडणं वेगळं, आणि त्याच सापाची लांबी, वजन, लिंग नोंदवून प्रबंधात घालणं वेगळं.

आणि एक कळकळीची सूचना: अनुभव दाखवायला साप हातात धरलेले फोटो अर्जाला जोडू नका. परवाना नसताना अनुसूची १ मधला प्राणी पकडल्याचा तो तुम्हीच दिलेला पुरावा ठरतो. या गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. विशीतल्या मुलाने एका फोटोपायी हे ओढवून घेऊ नये.

रस्त्यावर मेलेल्या सापांची मोजणी करणारेही इथेच अडकतात. मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते. तो ताब्यात घेतला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. फोटो घ्या, ठिकाण नोंदवा, साप तिथेच राहू द्या. फॉर्मेलिनच्या बरणीत भरून विभागाच्या कपाटात ठेवायचे दिवस गेले.

नांदूर मध्यमेश्वरला काम करायचं असेल तर आणखी एक कागद. ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अभयारण्य आहे, आणि अभ्यासासाठी आत शिरायला कलम २८ ची परवानगी लागते. ती मिळाली म्हणून साप पकडता येत नाही, आणि कलम १२ चा परवाना आहे म्हणून अभयारण्यात जाता येत नाही. दोन्ही अर्ज स्वतंत्र करा. अभयारण्याबाहेरच्या कामासाठी तुमचा तालुका पूर्व नाशिक वनविभागात येतो की पश्चिम, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज पुढे ढकलला जाईलच, याची खात्री नाही.

बाकी कागद नेहमीचे: संस्थाप्रमुखांचं पत्र, मार्गदर्शकाची संमती, ओळखपत्रं, संशोधन आराखडा. आराखड्यात मात्र किती साप, कसे पकडणार, किती वेळ ठेवणार, कुठे सोडणार, कोण हाताळणार आणि दंश झाला तर सर्पविषावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे स्पष्ट लिहा. रक्त काढणार किंवा ट्रान्समीटर बसवणार असाल तर प्राणी नैतिकता समितीची मंजुरी विचारली जाते. साध्या कॉलेजात अशी समिती नसतेच. ती असलेल्या संस्थेतला सहमार्गदर्शक आधी शोधा, आराखडा नंतर लिहा.

पोच देताना कारकून जो आवक शिक्का मारतात, ती परवानगी नव्हे. ‘करा सुरू, बघू’ असं एखादे साहेब तोंडी म्हणाले, तीही नव्हे. लेखी आदेश हातात आला, त्यात तुमचं नाव, प्रजाती आणि मुदत बरोबर आहे हे पाहिलं, की मगच शेतात उतरा. त्याआधी घेतलेली मोजमापं प्रबंधात वापरता येत नाहीत. आदेशात नाव नसलेल्या मित्राला साप धरायला लावू नका, आदेशाची प्रत सोबत ठेवा आणि पहिल्या दिवसाआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा. गावात कुणी तुम्हाला साप पकडताना पाहून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला, तर येणाऱ्या वनरक्षकाला तुमचं नाव आधीच माहीत असलेलं बरं.