लीग विस्तार (व्यावसायिक फुटबॉल): सोलापूरच्या संदर्भात

लीग विस्तार म्हणजे चालू व्यावसायिक लीगमध्ये नव्या शहराच्या संघाला जागा देणे. बंदिस्त लीगमध्ये ही जागा खेळून मिळत नाही, विकत घ्यावी लागते. प्रक्षेपण हक्क आणि मुख्य प्रायोजकत्वाचा पैसा सामायिक गल्ल्यात जमा होऊन संघांमध्ये वाटला जातो. बारा संघ असताना प्रत्येकाला बारावा हिस्सा मिळत असेल, तर नवा भिडू आल्यावर तेरावा मिळतो. जुन्या मालकांची ही घट भरून काढणे, हे प्रवेशशुल्कामागचे मूळ गणित. नव्या शहरामुळे गल्लाच वाढणार असेल तर घासाघीस कमी होते, नसेल तर दारच उघडत नाही.

अमेरिकेतील मेजर लीग सॉकरमध्ये २००७ साली आलेल्या टोरांटोने सुमारे १ कोटी डॉलर मोजले होते. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या जागेची किंमत ५० कोटी डॉलरवर गेली. या वाढीला जागांची टंचाईही कारणीभूत आहे. लीगबाहेर एखादे मोठे शहर रिकामे राहिले की मालकांच्या हाती हुकमाचा पत्ता येतो आणि ते आपल्याच शहराला सुनावतात: स्टेडियमसाठी सवलत द्या, नाहीतर संघ तिकडे हलवतो.

भारतात चित्र उलटे आहे. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली. तिच्यामागे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली केलेला, १५ वर्षांचा आणि ७०० कोटी रुपयांचा व्यापारी हक्कांचा करार होता. तो संपत आल्यावर महासंघाने नव्या निविदा मागवल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये एकही बोली आली नाही. ज्या गल्ल्यातून हिस्सा मिळायचा तोच डळमळीत असताना जागेला भाव कसा येणार?

महाराष्ट्राचा अनुभवही बरा नाही. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे पुण्याचे चार व्यावसायिक संघ २०१९ पर्यंत बंद पडले. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, तरी पैशांअभावी तोही संघ २०२५ मध्ये दिल्लीला गेला. पुण्याहून हैदराबादला जाताना ही जागा सोलापूरवरूनच गेली म्हणायची, थांबली मात्र नाही.

सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांच्या आसपास होती. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट आणि सीमेपलीकडचे विजयपूर, कलबुर्गी धरले तर प्रेक्षकांचा परिसर लहान नाही. पण प्रेक्षक असणे आणि त्यांच्याकडून उत्पन्न मिळणे यांत अंतर आहे. इथला मोठा कष्टकरी वर्ग यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर आहे. विडी कामगार महिलेची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते, त्यामुळे शंभर रुपयांचे तिकीटही तिच्या घराला विचार करायला लावते. समजा, तरीही दर सामन्याला दहा हजार माणसे शंभर रुपये देऊन आली आणि हंगामात घरचे बारा सामने झाले, तर गेटवर १ कोटी २० लाख रुपये जमतात. आयएसएलमध्ये एके काळी एका संघाच्या पगारखर्चाची कमाल मर्यादाच साडेसोळा कोटी होती. प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, अकादमी वेगळी.

म्हणजे खरा प्रश्न दरवर्षीचा तोटा कोण सोसणार हा आहे. जमशेदपूर २०१७ मध्ये लीगमध्ये आले आणि टिकले, कारण तिथे टाटा स्टील मालक आहे आणि मैदानही त्याच घरचे. सोलापुरात चादर-टॉवेलचे नाव मोठे असले तरी धंदा असंख्य छोट्या कारखान्यांत विखुरलेला आहे. त्यातल्या अनेकांचा जाहिरातखर्च दिवाळीच्या कॅलेंडरापुढे जात नाही. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प ही मोठी नावे. मात्र त्यांचा माल घरोघरी विकला जात नाही, त्यामुळे जर्सीवरच्या नावाचा त्यांना होणारा फायदा मर्यादित.

मैदानाची अडचण वेगळीच आहे. महापालिकेचे इंदिरा गांधी स्टेडियम, म्हणजे लोकांच्या तोंडचे पार्क स्टेडियम, स्मार्ट सिटी योजनेतून नव्याने उभे राहिले, पण क्रिकेटसाठी. जानेवारी २०२४ मध्ये तिथे महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. मधोमध जपलेल्या खेळपट्टीवर फुटबॉलच्या बुटांचे खिळे उमटलेले कोणत्याही क्युरेटरला चालणार नाहीत. शिवाय गोल मैदानात गॅलरीपासून टचलाइन (फुटबॉल मैदानाची कडेची रेषा) दूर राहते, आणि फुटबॉलमध्ये महाग तिकीट खपते ते जवळून बघायला मिळते म्हणून. स्वतंत्र मैदान करायचे तर हिरवळीला रोज पाणी लागते. जिथे नळाला दिवसाआड पाणी येणे हीच चैन आहे, तिथे हा खर्च महापालिकेच्या सभेत मंजूर करून घेणे सोपे नाही. मैदानाविना घेतलेल्या संघाचे काय होते, हे २०२३ मध्ये वाराणसीच्या नावाने आलेल्या इंटर काशीने दाखवले: आय-लीगचे, म्हणजे आयएसएलच्या खालच्या पायरीच्या लीगचे, त्याचे ‘घरचे’ सामने बंगालमधल्या कल्याणीत झाले.

संघ आला की शहराची भरभराट होते, हा दावाही तपासून घ्यावा लागतो. सामन्याला खर्च होणारे पैसे बहुधा त्याच घराच्या सिनेमा-हॉटेलच्या खर्चातून वळतात. खेळाडूंचे पगार बाहेरगावी जातात. शहरात नव्याने येणारा पैसा म्हणजे पाहुण्या संघाचा मुक्काम आणि परगावचे प्रेक्षक, एवढाच.

दुसरी वाट बढतीची. २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये आले. या वाटेने जागेचा भाव मोजावा लागत नाही, वर्षे मोजावी लागतात. त्यासाठी आधी गावात फुटबॉल मुरलेला असावा लागतो. तसे सर्वांत जवळचे शहर कोल्हापूर. तिथे पाटाकडील, शिवाजी, खंडोबा अशा पेठा-तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते, आणि तरीही कोल्हापूरच्या नावाचा आयएसएल संघ आजवर उभा राहिलेला नाही.